खाडीकाठी वही उघडण्याआधी

नवी मुंबईतल्या कुठल्याही कोळीवाड्यात वही-पेन घेऊन जा आणि "आम्ही सर्वे करतोय" असं म्हणून बघा. समोरचा माणूस बोलायचा थांबतो. मी पहिल्यांदा दिवाळे गावच्या जेटीवर गेले तेव्हा एक काकी जाळ्याची फाटकी घरं विणत बसल्या होत्या. आमचा अभ्यास साधा होता. खाडीत फ्लेमिंगो कुठे उतरतात आणि त्याच जागी मासेमारी कधी चालते, एवढंच आम्हाला टिपायचं होतं. मी "सर्वे" म्हटलं आणि काकींचा हात थांबला.

"कसला सर्वे? परत जागा मोजाला आलाव काय?"

त्या दिवशी मला हे उत्तर चमत्कारिक वाटलं. पक्ष्यांचा आणि जागेचा काय संबंध? पुढे दोन वर्षं खाडीकाठी फिरल्यावर कळलं की त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझी सुरुवात चुकीची होती. वन्यजीवांचा अभ्यास करताना स्थानिक लोकांचा विश्वास कसा मिळवायचा, यावर हल्ली बरंच बोललं जातं. त्यात खरोखर काय येतं, ते आपल्या ठाण्या-नवी मुंबईच्या उदाहरणांतून सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी त्या "सर्वे" शब्दाबद्दल. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शेतं, मिठागरं, खारजमिनी मोजल्या गेल्या. जमिनीच्या दरासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक गेले. त्यांची आठवण आजही दर जानेवारीत काढली जाते. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, पण गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न अजून लोकांच्या बोलण्यात रोज असतो. या गावांमध्ये वही घेऊन आलेला परका माणूस, मोजणी आणि कागदावरची सही या तिन्ही गोष्टी एकाच आठवणीशी बांधलेल्या आहेत. आपण कितीही चांगल्या मनानं गेलो तरी ती आठवण आपल्या आधी तिथे पोचलेली असते.

म्हणून मला वाटतं, विश्वास हा गोड स्वभावाचा किंवा जनजागृतीच्या भाषणाचा विषय नाही. आपण प्रश्न विचारतो तेव्हा समोरचा माणूस मनातल्या मनात एक हिशेब करत असतो: हे सांगितलं तर माझं काय जाईल? त्याचं काही जाणार नाही अशी सोय आपण खरोखर केली असेल आणि ती त्याला दिसली असेल, तरच तो खरं सांगतो.

हा हिशेब किती बारीक असतो ते पाहा. "रोज किती मासे मिळतात?" हा आपल्या लेखी माहितीचा प्रश्न. पण खूप मिळतात म्हणावं तर आपली जागा चार जणांना कळते आणि उद्या नुकसानभरपाईची वेळ आली तर हेच उत्तर आडवं येतं. काहीच मिळत नाही म्हणावं तर "मग इथे मासेमारी उरलीच कुठे" असं कुणीतरी लिहून मोकळं होईल, ही भीती. "सरपणाला तिवर तोडता का?" हा प्रश्न त्याहून अवघड. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन, म्हणजे ही तिवरांची झाडी, तोडण्यावर बंदी घातली. तेव्हा या प्रश्नाला "हो" म्हणणं म्हणजे अनोळखी माणसाच्या वहीत स्वतःचा गुन्हा नोंदवणं. कासव किंवा बिबट्याबद्दल विचारलं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मध्ये उभा असतो. खोटं उत्तर देणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण त्याला पेचात प्रश्नानंच टाकलेलं असतं.

यावर संशोधकांनी काढलेली एक युक्ती मला फार आवडते, कारण ती माणसाला खरोखर संरक्षण देते. मूळ कल्पना १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकानं मांडली. तिचं फाशाचं रूप असं: समजा ३०० जणांना विचारायचंय, "गेल्या वर्षभरात तिवराचं लाकूड तोडलंत का?" प्रत्येकाच्या हातात एक फासा द्यायचा. त्यानं तो आडोशाला टाकायचा आणि कुणालाही दाखवायचा नाही. १ पडला तर खरं काहीही असो, "हो" म्हणायचं. ६ पडला तर "नाही" म्हणायचं. २ ते ५ यातलं काहीही पडलं तर खरं उत्तर द्यायचं.

आता कुणी "हो" म्हणाला तर तो खरंच लाकूड तोडतो की त्याच्या फाशावर १ पडला होता, हे विचारणाऱ्याला कळायला मार्गच नाही. पोलिसांनाही नाही, वनरक्षकालाही नाही. तरीही गावाचा एकूण हिशेब लागतो. ३०० पैकी साधारण ५० जणांचं "हो" फाशामुळे आलेलं असणार आणि ५० जणांचं "नाही" फाशामुळे. उरलेले २०० खरं बोलले. एकूण "हो" ९० आले असतील तर त्यातले ५० वजा करा. राहिले ४०. म्हणजे २०० मागे ४०, पाचातला एक. कुणाचंही नाव न कळता आपल्याला हवं ते कळलं.

यात एक अट मात्र आहे. फासा कुणी चोरून पाहत नाही, यावर माणसाचा विश्वास हवा. म्हणून आधी निरुपद्रवी प्रश्नांवर सराव करून घेतात. "आज बोंबील खाल्लेत का?" यावर दोन-तीनदा फासा टाकला की लोक हसतात आणि "अरे, मी तर खाल्लेच नाहीत, पण हो म्हणावं लागलं" असं स्वतःच सांगतात. तिथे त्यांना पद्धत समजते. मी हा सराव दोन ठिकाणी पाहिला आहे. जिथे घाईघाईत उरकला, तिथली उत्तरं नंतर कामाचीच नव्हती.

सहीचंही असंच. संशोधनात संमतीपत्र लागतं: अभ्यास कशाचा, कोण करतंय, पैसे कुठून आले, माहिती कुणाला दिसणार, मध्येच नको वाटलं तर काय, हे सगळं सांगून होकार घ्यायचा. नियम चांगला आहे. पण ज्या घरात एका सहीनं शेत गेलं, तिथे छापील कागद पुढे करून "इथे सही करा" म्हणणं म्हणजे जुन्या जखमेवर बोट ठेवणं. तोंडी संमती घेऊन ती नोंदवता येते आणि तसं परवानगी मागतानाच ठरवून घ्यावं. आणि "नाही" म्हणणाऱ्याला पुन्हा आठ दिवसांनी गाठू नये. ज्यांना "नाही" म्हणता येत नाही त्यांच्या "हो" ला मी तरी संमती म्हणणार नाही.

आता खाडीकडे वळते, कारण इथला गैरसमज सगळ्यात खोल आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र जवळपास १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पावसाच्या तोंडावर परततात, आणि भर हंगामात त्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. ठाणेकरांना, ऐरोलीकरांना त्याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा.

पण हे पक्षी एवढ्या संख्येनं इथे का येतात? लहान फ्लेमिंगोचं मुख्य खाणं म्हणजे पाण्यातलं बारीक शेवाळ. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ फोफावतं, आणि पक्ष्यांना ताट वाढून मिळतं, असं अभ्यासक सांगतात. आता हीच गोष्ट कोळ्याच्या होडीत बसून बघा. तेच सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी यांनी त्याची खाडी नासवली. जिताडा, कोळंबी, चिंबोरी, निवट्या, बोईट अशी नावं म्हातारी माणसं बोटांवर मोजतात आणि शेवटी "आता कुठे काय" म्हणतात. आपण उत्साहानं जाऊन "काका, खाडी किती समृद्ध झालीय, पक्षी बघा!" असं म्हटलं की त्या माणसाला काय ऐकू येत असेल? ज्या पाण्यानं त्याचा धंदा बुडाला, त्याच पाण्याचं आपण कौतुक करतोय. वर अभयारण्य म्हटलं की उद्या होडी घालायलाही बंदी, ही धास्ती.

खरं तर १९७१ च्या रामसर कराराच्या मुळाशीच पाणथळ जागेचा शहाणपणानं वापर हे तत्त्व आहे. माणसाला हाकलून जागा वाचवायची, असा तो करार नाही. पण हे जेटीवर जाऊन कोण सांगतं? आमच्या गटानं हे सांगायला सुरुवात केली तीही पहिल्या वर्षाच्या शेवटी. ते पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. प्रश्नांची यादीही आम्ही तेव्हा बदलली. आधी सगळे प्रश्न पक्ष्यांचे होते. मग पहिला प्रश्न मासळीचा केला: कोणती मासळी कधीपासून कमी झाली, पाण्याचा वास कुठल्या नाल्याजवळ बदलतो. त्यांची काळजी आमच्या अभ्यासात आली, तशी आमची काळजी त्यांच्या बोलण्यात येऊ लागली.

त्याच काकींनी मला तिथीचा हिशेब शिकवला. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला तो ठाऊक असतो, मला नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पुनवेला, अवसेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आत जाल तसं थोडं उशिरा. मग काकी म्हणाल्या, अष्टमीला भांग असते, पाणी फार चढत नाही, गाळ पुरता बुडत नाही, तेव्हा पक्षी खाडीतच सापडतील. उधाणाला गाळ सगळा पाण्याखाली जातो, तेव्हा ते आत पाणथळीत जाऊन उभे राहतात, तिकडे बघा. आम्ही मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघून दिवस ठरवत होतो आणि उधाणाच्या ऐन भरतीला होडीतून रिकामी खाडी बघून परत येत होतो. दोन महिन्यांचं काम त्यांच्या त्या एका वाक्यानं मार्गी लागलं.

या ज्ञानाचं मोल कसं करायचं, हा प्रश्न अभ्यासक टाळतात. होडीचं भाडं आणि नाखव्याची मजुरी रोजच्या रोज द्यायची, हे किमान. त्यापुढे, जे कळलं त्याचं श्रेय द्यायचं, आणि ते नाव घालून की न घालून, हे त्यांना विचारायचं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकजैवविविधता नोंदवहीची सोय आहे. गावाचं ज्ञान गावाच्या नावावर लिहिलं जावं हा तिच्यामागचा विचार. ती वही लोकांनी बसून भरली तरच तिला अर्थ आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं तर स्वतःचे अभ्यासगट चालवले. बाहेरचा जाणकार तिथे येऊन बसायचा, बोलायचा, पण निर्णय गावाचा आणि तोही सर्वसहमतीनं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा-लेखा होतं, त्यामागे ही सवय होती.

आणि गाव म्हणजे नेमकं कोण? आपण जातो, संस्थेच्या अध्यक्षांना भेटतो, चहा होतो, फोटो निघतो आणि अहवालात "स्थानिकांशी चर्चा" असं येतं. पण होडी पुरुष नेतात, तर ओहोटीला गुडघाभर गाळात उतरून कालवं, शिंपल्या, चिंबोऱ्या गोळा करतात त्या बहुतेक बायका. गाळ कुठे घट्ट झाला, कुठे काचा रुतल्यात, हे त्यांच्या तळपायांना माहीत असतं. त्यांना विचारायचं तर बाजारातून परतल्यावर, दुपारी, अंगणात, आणि शक्यतो बाईनं विचारायचं. सीवूड्समधल्या सोसायटीत राहून तलावावर पक्षी बघणारेही स्थानिकच, पण त्यांचं पोट त्या पाण्यावर नाही. दोघांची मतं एका तक्त्यात बेरीज करून टाकली तर दोघांवरही अन्याय होतो.

ठाण्याच्या दुसऱ्या अंगाला, येऊरच्या जंगलात, हाच विषय बिबट्याच्या रूपानं भेटतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून थोडं अधिक चौरस किलोमीटर. त्याच्या येऊर बाजूला पाटोणपाडा, जांभूळपाडा असे वारल्यांचे पाडे आहेत. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात आणि दोन्ही कुशींवरून बिबटे ओळखतात. २०१५ सालच्या अशा अभ्यासात या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७.

पण कॅमेऱ्याला बिबट्या आणि बाई यातला फरक कळत नाही. पहाटे सरपणाला निघालेली मुलगी, आडोसा शोधणारी बाई, सगळ्यांचे फोटो निघतात. उत्तराखंडात कॉर्बेट परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकानं केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे बायका जंगलात मोकळ्या गाणं गाईनाशा झाल्या, आणि एका बाईचा अर्धवस्त्र अवस्थेतला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, असं त्यात नोंदलं आहे. गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. हे वाचल्यापासून मी कॅमेरा लावणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारते: कॅमेरा कुठे लावणार हे पाड्यातल्या बायकांना दाखवलंत का, माणसांचे फोटो कोण बघणार, आणि ते कधी पुसणार? यांची उत्तरं तयार नसतील तर कॅमेरा पेटीतच राहू द्यावा.

पाड्यांवर बिबट्याशी नातं कायद्याच्या फार आधीचं आहे. ठाणे-पालघर पट्ट्यात वाघोबाची स्थानं जागोजागी आहेत. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, शेजारी चंद्र-सूर्य, आणि वाघबारशीला त्याची पूजा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दीडशेहून अधिक स्थानांची नोंद झाली. वाघोबा राखतो आणि वेळप्रसंगी शिक्षाही करतो, असं वारली सांगतात. त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक पाड्यावर फार दिवस टिकत नाही, आणि टिकूही नये. बिबट्या आपल्या शेजारी राहणारच, हे त्या श्रद्धेत गृहीत धरलेलं आहे, आणि शहरातल्या माणसाला नेमकं तेच पटवायला वर्षं लागतात. जुन्नरमध्ये २००१ नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. २०११ पासून राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती वनखातं, अभ्यासक, पत्रकार आणि रहिवासी एकत्र बसू लागले. कचरा वाढला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी घरोघर पोचली ती त्या बैठकांमधून.

वनखात्याशिवाय परवानगी नाही, हे खरं. पण मुलाखत घेताना गणवेशातला माणूस शेजारी उभा असेल तर येणारी उत्तरं गणवेशासाठी असतात. त्याला नम्रपणे जरा दूर चहा घ्यायला सांगावं.

सरकारनंही विश्वास ठेवून पाहिल्याचं एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. जाळ्यात कासव, देवमासा, बहिरी मासा (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव अडकला तर पूर्वी कोळी गप्प राहायचे, कारण सांगितलं तर कायद्याचा धाक. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं ठरवलं की जाळं कापून असा जीव सोडला तर जाळ्याची भरपाई मिळेल, २५ हजार रुपयांपर्यंत. पुरावा काय, तर सोडतानाचे कोळ्यानं स्वतः काढलेले फोटो आणि व्हिडिओ. त्याच्या मोबाइलवर विश्वास ठेवला गेला. त्यानंतर समुद्रात काय काय जाळ्यात येतं, हे किनाऱ्यावर उघडपणे कळू लागलं.

राहता राहिलं परत जाणं. काकी म्हणाल्या होत्या, "मागचे टायमाला पन वही घेऊन आलते. परत कोन आला नाय." कोण होते ते, मला ठाऊक नाही. पण आमचा अहवाल इंग्रजीत छापून झाला तेव्हा तो सगळ्यांत शेवटी जेटीवर जाणार होता. आम्ही क्रम उलटा केला. मोठ्या कागदावर खाडीचा नकाशा छापला, पक्ष्यांच्या जागा गुलाबी, मासेमारीच्या निळ्या. माशांच्या नेमक्या जागा मुद्दाम ढोबळ ठेवल्या, म्हणजे बाहेरच्या कुणाला त्यांचा माग लागू नये. तो कागद घेऊन रविवारी संध्याकाळी गेलो, सगळे घरी असतात तेव्हा.

पंधरा-वीस जण कागदाभोवती बसले. काकींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि एका चिंचोळ्या फाट्यावर बोट ठेवलं. त्याचं नाव आम्ही कुठल्याशा जुन्या नकाशावरून उतरवलं होतं. ते पलीकडच्या गावातलं नाव होतं, इकडचं वेगळं. दोन म्हाताऱ्यांचा त्यावरून वाद झाला, आणि शेवटी दोन्ही नावं लिहायची असं ठरलं. मग एका तरुणानं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि आमच्या नकाशात मुळातच नसलेला एक नाला काढला.